मेहकर ते वडसा, एकट्यानं मोटारसायकलवर: वाटेतलं आत्याचं घर धरून आखणी

मेहकर, मालेगाव, शेलूबाजार, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, वणी, चंद्रपूर, मूल, गडचिरोली, आरमोरी, वडसा. एका बाजूचं अंतर साडेचारशे ते पाचशे किलोमीटर, कोणता फाटा धरता त्यावर थोडं कमी-जास्त. पैनगंगेच्या काठावरून निघायचं आणि वैनगंगेच्या काठावर पोचायचं. कापूस-सोयाबीनच्या काळ्या वावरांतून निघालेला माणूस शेवटच्या दिवशी धानाच्या बांध्यांमधून गाडी चालवत असतो. हा रस्ता मी १२५ सीसीच्या साध्या गाडीवर एकट्यानं चार वेळा केला, आणि चारही वेळा दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात आत्याकडे थांबलो. पहिल्यांदाच असं एकट्यानं निघणाऱ्यासाठी हे सगळं क्रमानं लिहितो आहे. तुमची वाट वेगळी असेल, आत्याच्या जागी मामा किंवा ताई असेल, पण आखणीची रीत तीच राहते.

पहिली पायरी: नातेवाइकांचा दिवस आधी ठरवा

पहिल्या वेळी मी उलटं केलं होतं. आधी मुक्काम ठरवले, पेट्रोल पंप ठरवले आणि आत्याचं घर दुपारच्या जेवणापुरतं मध्ये बसवलं. फोनवर सांगून ठेवलं, 'एक वाजेपर्यंत येतो.' कारंज्याच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. दुकान शोधण्यात आणि ट्यूब बदलण्यात वेळ गेला आणि पोचायला साडेतीन वाजले. आत्या तेव्हा सत्तरीची. ती जेवली नव्हती, म्हणून वहिनीही जेवली नव्हती. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे परातीत फडक्याखाली झाकून ठेवले होते, वांग्याची भाजी दोनदा गरम करून झाली होती. मी घाईघाईनं जेवलो आणि साडेचारला निघालो, कारण यवतमाळ गाठायचं होतं. ती फाटकापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "आला काय अन् चालला काय." यवतमाळला पोचलो तेव्हा अंधार पडला होता, आणि सगळ्या वाटेत तेच वाक्य कानात होतं.

तेव्हापासून आधी घरचा दिवस ठरवतो आणि बाकीचे दिवस त्याच्या दोन्ही बाजूंना लावतो. पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवा, दीडशे किलोमीटरच्या आसपास. गाडी, सामान आणि अंग एकमेकांना सरावायला तेवढा पुरतो. दुसरा पूर्ण दिवस नातेवाइकांकडे घालवा. तिसऱ्या दिवशी सकाळी निघा. दोन रात्री म्हणजे दोनच. एका रात्रीत बोलणं होत नाही, आणि तिसरी रात्र कामाच्या घराला जड जाते.

फोनवर घड्याळाची वेळ सांगू नका. 'दुपारी कारंज्यात जेवून येतो, चहाला घरी असेन' असं सांगा, आणि कारंज्यात खरोखरच जेवा. खेड्यात पाहुण्याच्या आधी ताटावर बसत नाहीत, हे नेहमी ध्यानात ठेवा. निघण्याच्या आठवडाभर आधी घरातल्या कर्त्या माणसाला विचारा की वावरात काय चालू आहे. सोयाबीन काढणीला आलं असेल किंवा कापसाची वेचणी जोरात असेल तर सकाळी सहालाच घर रिकामं होतं. अशा वेळी तुम्ही गेलात की कोणाला तरी मजुरी बुडवून घरी थांबावं लागतं. थोडं पुढे ढकलता आलं तर ढकला.

दुसरी पायरी: महिना आणि तास

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा नवख्यासाठी योग्य काळ. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि सिमेंटचा रस्ता खालून भाजतो; तेव्हा निघूच नका. पावसाळ्यात हिरवळ सुंदर दिसते, पण नाल्यांवरचे रपटे पाण्याखाली जातात. रपट्यावरून पाणी वाहत असेल आणि कडेचे दगड दिसत नसतील, तर पाणी कितीही उथळ वाटो, गाडी मागे फिरवा. समोरून ट्रॅक्टर गेला म्हणून मोटारसायकल जात नसते.

तासांचा हिशोब ताशी चाळीस किलोमीटरनं करा, चहापाणी धरून. गाडी साठनं चालते खरी, पण गावं, गतिरोधक, गुरं आणि रस्त्याची कामं मिळून सरासरी चाळीसच पडते. डिसेंबरात गडचिरोलीकडे साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. सकाळी सातला निघालात आणि चारला थांबलात, तर मधले दोन तास जेवण-विश्रांतीचे सोडून पावणेतीनशे किलोमीटर होतात. नवख्यानं दोनशेवर थांबावं. साठ-सत्तर किलोमीटरला एकदा उतरा, हेल्मेट काढा, पाणी प्या. तहान लागली नसली तरी प्या, कारण वाऱ्यात घाम वाळतो आणि अंग कोरडं पडतंय हे कळत नाही.

अंधारात चालवायचं नाही, हा नियम मी कधीच सैल करत नाही. कापसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, बैलगाडीला तर नसतोच. आणि तिन्हीसांजेला रोही निघतात. रोही म्हणजे नीलगाय. चांगली घोड्याएवढी असते आणि रस्त्याच्या कडेच्या तुरीत उभी असली तर दिसत नाही. एक रोही रस्ता ओलांडून गेला की लगेच पुढे जाऊ नका, मागून अजून येतात.

तिसरी पायरी: गाडी

सर्व्हिसिंग निघण्याच्या दोन आठवडे आधी करून घ्या, आदल्या दिवशी नको. सर्व्हिसिंगनंतर शे-दीडशे किलोमीटर गावातच चालवा म्हणजे ढिला राहिलेला नट, पाझरणारं ऑइल, आवाज करणारा ब्रेक घराजवळच कळतो. चेन पुस्तिकेत लिहिली आहे तेवढीच सैल हवी. सामान बांधल्यावर ती आणखी ताणली जाते, म्हणून बेतानंच आवळा. दर पाचशे किलोमीटरला तिला तेल लावा. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना भरा आणि सामान असेल तर मागच्या चाकात पुस्तिकेतला जास्तीचा आकडा धरा.

सोबत पुढची आणि मागची अशा दोन्ही ट्यूब घ्या, त्यांची मापं वेगळी असतात. टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप. एक प्लग, हेडलाइटचा बल्ब, पाने, पक्कड, इन्सुलेशन टेप आणि तांब्याची थोडी तार. क्लच वायरची एक युक्ती आहे: नवी वायर पिशवीत टाकू नका, जुन्या वायरला लागूनच हँडलपासून खालपर्यंत नेऊन टेपनं बांधून ठेवा. मारेगावच्या पुढे माझी जुनी वायर लिव्हरजवळ तुटली. नवी जागेवरच होती, दोन टोकं जोडली आणि पंधरा मिनिटांत गाडी चालू. हे काम घरी एकदा स्वतःच्या हातानं करून पाहिलं होतं म्हणून जमलं. जो भाग तुम्हाला बदलता येत नाही, तो सोबत असून उपयोग नाही. त्या भागाच्या बदल्यात मेकॅनिकजवळ बसून एक दुपार शिका.

हेल्मेट आयएसआय खुणेचं, पूर्ण चेहऱ्याचं. आतून सुती दुपट्टा. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण मोबाइल बंद पडतो म्हणून कागदी प्रती वेगळ्या ठेवा. पोलीस आणि सगळ्या तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. हे तीन आणि घरचे दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, शक्यतो रक्तगटासकट.

चौथी पायरी: सामान, आणि एक रिकामी पिशवी

वजन खाली आणि मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे राहिलं पाहिजे. दोन्ही बाजूंच्या पिशव्या सारख्या वजनाच्या हव्यात आणि सायलेन्सरकडची पिशवी त्याला टेकत नाही हे वीस किलोमीटर चालवून बघा. कपडे दोन जोड पुरतात. जॅकेट मात्र चांगलं घ्या; वैनगंगेकाठी डिसेंबरातली सकाळ धुक्याची असते आणि बोटं लिव्हरवर आखडतात.

जाताना न्यायचं काय? मिठाई नको, ती दिवसभराच्या धक्क्यांनी चेपते. मी आत्यासाठी चांगली चहापत्ती आणि एक सुती लुगडं नेतो, पोरांसाठी वह्या आणि रंग. येताना मात्र घरून काही ना काही बांधून मिळतंच, आणि 'जागा नाही' हे उत्तर तिथे चालत नाही. दोन किलो तूरडाळ, लोणच्याची बरणी, कुरड्या. म्हणून कापडाची एक रिकामी पिशवी घडी करून सोबत घ्या. डाळ तळाशी, बरणी कपड्यांच्या मधोमध. कुरड्या पत्र्याच्या डब्यातच घ्या, नाहीतर घरी भुगा पोचतो.

पाचवी पायरी: रस्ता धरताना

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. मेहकर, मालेगाव, शेलूबाजार, कारंजा या सगळ्या टापूत तो आपल्या जुन्या रस्त्याच्या आसपासनं जातो आणि नकाशा गाडीच्या पर्यायावर असेल तर तुम्हाला तिकडेच ओढतो. दुचाकीचा पर्याय निवडा आणि इंटरचेंजच्या पाटीकडे वळू नका.

नावांचा घोळ आधीच मिटवून घ्या. आपल्याला जायचं ते कारंजा लाड, वाशिम जिल्ह्यातलं, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. दुसरं कारंजा घाडगे आहे वर्धा जिल्ह्यात. पुढे वणीला जाताना लागते ती करंजी, ती यवतमाळ जिल्ह्यातली. मालेगाव वाशिमचं, नाशिकचं नव्हे. आणि वडसा व देसाईगंज हे एकच गाव. पाटीवर कधी हे नाव दिसतं, कधी ते.

कारंज्यापासून दारव्हा-यवतमाळपर्यंत शकुंतला रेल्वेची अरुंद रुळांची जुनी वाट सोबत असते. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी ही गाडी आता बंद आहे, पण काही ठिकाणी रूळ अजून रस्त्यात दिसतात. रूळ तिरपे ओलांडू नका, चाक घसरतं. हँडल सरळ करून काटकोनात पार करा, ब्रेक न दाबता.

सिमेंटच्या रस्त्याची कडा आणि बाजूची मुरमाची पट्टी यांत बऱ्याच ठिकाणी वीतभर फरक असतो. मागून बस दाबत आली म्हणून खाली उतरायला जाऊ नका. वेग कमी करून, डावा इशारा देऊन, पट्टी समतल दिसेल तिथेच उतरा. ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीन, नोव्हेंबर-डिसेंबरात पूर्वेकडे धान, जानेवारीत तुरीची शेंग वाळत घातलेली असते. सोयाबीनच्या दाण्यांवर टायरला पकडच राहत नाही. ज्याचं पीक त्याचा वर्षभराचा घास आहे, म्हणून त्यावरून चाक न नेता थांबा आणि समोरची वाहनं जाऊ देऊन बाजूनं जा.

वाट विचारताना 'गाडी जाते का?' असं विचारू नका. सगळे 'जाते' म्हणतात आणि ते खरंही असतं, कारण त्यांची जाते. विचारा, 'डांबरी कुठपर्यंत आहे? आज सकाळपासून कोणी मोटारसायकलवर आलं का?' फाट्यावरच्या पानटपरीवाल्याला आणि एसटीच्या ड्रायव्हरला याचं उत्तर पक्कं माहीत असतं.

सहावी पायरी: घरी पोचल्यावर

अंगणात गाडी लावताना सायलेन्सर भिंतीकडे करा. पोरं धावत येतात आणि त्यांची पोटरी बरोबर तापलेल्या सायलेन्सरच्या उंचीला असते. चावी काढून खिशात. बैल बांधायच्या खुंट्याजवळ गाडी लावू नका.

आल्या आल्या 'परवा सकाळी सातला निघणार' हे एकदा स्पष्ट सांगून टाका, म्हणजे त्यांनाही स्वयंपाकाचा आणि कामाचा अंदाज येतो. मग मोबाइल बाजूला ठेवा. आत्या मला नेहमी पहिल्यांदा एकच विचारते, "काहून एवढा वाळला रे?" आणि मग गावातली मरणं, लग्नं, कोणाचं वावर कोणी घेतलं, हे सगळं सांगते. वडील गेल्यापासून त्यांच्या लहानपणाबद्दल सांगणारं तेवढं एकच माणूस उरलं आहे. मोटारसायकलवर गेल्यानं याचसाठी बरं होतं: परतीच्या एसटीची घाई नसते, ती सांगेल तेवढं ऐकता येतं.

दुसऱ्या दिवशी कोणी 'चल, वावर पाहून येऊ' म्हटलं तर पायी जा किंवा त्यांच्या बैलगाडीत बसा. मी दुसऱ्या खेपेला पांदणीनं स्वतःची मोटारसायकल नेली. आदल्या रात्री अवकाळी पावसाची सर येऊन गेली होती, वरून जमीन वाळलेली दिसत होती. शंभर-दीडशे पावलांत काळी माती टायरला थरावर थर चढू लागली, मग मडगार्ड आणि टायर यांच्या मधली सगळी फट भरली आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. गाडी ढकलावी तर चाक घसटत येई. आतेभावानं खुरपं आणलं, दोघांनी मिळून माती कोरून काढली, दहा पावलं ढकलली, पुन्हा तेच. डांबरी रस्त्यावर यायला पाऊण तास लागला. कापसाची काळी माती ओली असताना मोटारसायकल पांदणीत घालू नका, मग पांदण कितीही छोटी असो.

जेवणाचंही सांगतो. पुरणाचं किंवा रोडग्याचं जेवण झाल्यावर गाडीवर बसू नका. तासाभरात हमखास डोळा लागतो. निघायच्या दिवशी आत्याला आदल्या रात्रीच सांगतो की सकाळी फक्त पोहे दे, वरून सांबार टाकून. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, दुसरीकडून येणाऱ्यानं गोंधळू नये.) निघताना पाया पडलो की ती म्हणते, "हळू जाजो. पोचला की फोन करजो." हा फोन रोज संध्याकाळी मुक्कामावरून करा, संपूर्ण प्रवासभर. कोणाला तरी रोज तुमचा ठावठिकाणा माहीत असणं एकट्या माणसासाठी फार मोलाचं आहे.

सातवी पायरी: पुढचा टप्पा

यवतमाळहून करंजीला या. तिथून वणी, घुग्घुस, चंद्रपूर, मूल, गडचिरोली असा राष्ट्रीय महामार्ग ९३० धरायचा. वणी आणि घुग्घुसच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत. ट्रक एकामागून एक असतात आणि रस्त्यावर काळी भुकटी पसरलेली असते. काच खाली, दुपट्टा नाकावर, आणि दोन ट्रकांच्या मध्ये शिरून ओव्हरटेक करण्याचा मोह अजिबात नको. हा पट्टा दुपारी उशिरा लागला की थकवा आणि धूळ एकत्र येतात, म्हणून दारव्ह्याहून सकाळी लवकर निघणं गरजेचं. मुक्काम चंद्रपूरला. पोचल्यावर चेन पुसून तेल लावा, एअर फिल्टर झटका.

चंद्रपूर ते गडचिरोली साधारण ऐंशी किलोमीटर. मूलकडे जाताना चिचपल्लीच्या आजूबाजूला दाट जंगल आहे आणि हा वाघाचा मुलूख आहे, ताडोबा इथून लांब नाही. सकाळी आठनंतर निघा. जंगलात लघवीला, फोटोला, पाणी प्यायलाही उतरू नका. चहा चंद्रपूरला घ्या, नंतरचा मूलला. मूलपासून धानाचा मुलूख सुरू होतो. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. पूर्वी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, १९८२ साली वेगळा झाला. पेट्रोल इथून पुढे टाकी अर्धी झाली की भरायचं, पंप दिसला की. भामरागड-सिरोंच्याकडे पहिल्या खेपेला वळू नका. अंतरं मोठी, जंगल दाट, आणि मोबाइलला रेंज नसलेले पट्टे लांब आहेत.

आरमोरीहून वडसा जवळ आहे. दिवाळीनंतर धान निघालं की झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, मंडई (गावची जत्रा) भरते आणि रात्रभर नाटकं चालतात; वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचं मोठं ठिकाण. तंबूत बसून एक नाटक जरूर पाहा, पण गाडी मुक्कामावर ठेवून जा आणि दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवा. जागरण करून सकाळी निघू नका. पहाटे नाटक सुटलं की सगळ्या वाटांवर पेंगुळलेली माणसं दुचाकीवर असतात, तेव्हा धुकंही असतं.

परतताना

ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत नागपूरहून येता येतं. मी त्याच वाटेनं परत येतो, म्हणजे दारव्ह्याला एक रात्र आणखी मिळते आणि डाळ-कुरड्या तेव्हाच घेता येतात, वडशापर्यंत वाहून न्याव्या लागत नाहीत.

घरी पोचल्यावर पहिला फोन आत्याला. दुसऱ्या दिवशी गाडी खालून पाण्यानं धुवा. मडगार्डच्या आत राहिलेली काळी माती वाळली की दगड होते. चेन, ब्रेक, टायर बघा, वापरलेली ट्यूब किंवा वायर लगेच नवी आणून जागेवर ठेवा. कुरड्यांचा डबा रिकामा झाला की धुऊन, पुसून वेगळा ठेवा. पुढच्या खेपेला तो परत न्यायचा असतो, आणि रिकामा न्यायचा नसतो. मी त्यात आमच्याकडचा गूळ आणि भुईमुगाच्या शेंगा भरतो.